अच्चम्माचा निळा डबा

चोवीस डिसेंबरला सकाळी साडेआठ वाजता पहिला घाणा जळला आणि दीनानाथरावांनी रजिस्टरमध्ये त्याची रीतसर नोंद केली. 'घाणा क्रमांक एक. नग सतरा. रंग काळा. कारण : पीठ.'

"पीठ कावून?" सुहासिनीनं नवऱ्याला विचारलं. "पिठानं आपल्या मनानं जाळून घेतलं का?"

"मले ओव्हन शिकवू नोको, सुहास. पस्तीस वर्षं ओव्हनच चालवले म्या."

आता हे काही खोटं नव्हतं. रिटायर होईपर्यंत दीनानाथ निंभोरकर भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनलाच होते. तिथला एकेक ओव्हन घराएवढा उंच. त्यात कोळसा भरायचा, दार लावायचं आणि सोळा-सोळा तास दाराला हात लावायचा नाही. तोच नियम त्यांनी शेजारच्या अच्चम्माकडून आणलेल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनला लावला होता. कुकरपेक्षा जरासा मोठा तो ओव्हन, झाकणाला काचेचं भोक. धूर यायला लागला तेव्हा सून मिताली झाकण उचलायला धावली, तर सासऱ्यांनी हात आडवा घातला. "टाइम व्हायचा हाय अजून!"

सुहासिनीनं काळं ताट मागच्या अंगणात नेऊन गिरजाबाईपुढं ठेवलं. गिरजाबाई चौतीस वर्षं या घरची आणि शेजारच्या घरची भांडी घासत होती. तिनं ताटाकडं पाहिलं, सुहासिनीकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि राख घेऊन घासायला बसली. काही बोलली नाही. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

सुहासिनीची नजर मात्र घड्याळावर होती. आज संध्याकाळी पाच वाजता अच्चम्मा बिस्कीट चाखणार होती.

झालं होतं असं. शेजारची अच्चम्मा, सेक्टर सातमधल्या सडक चौदाची सगळ्यात जुनी रहिवासी, सत्तावीस तारखेला भिलाई कायमची सोडून कोट्टायमला मुलाकडं निघाली होती. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी ती सडकेवरच्या बाराही घरी बिस्किटांचे डबे पाठवायची. निंभोरकरांचा डबा निळा, पत्र्याचा, झाकणावर कुठल्याशा परदेशी पुलाचं चित्र. तो संक्रांतीला तिळाचे लाडू घालून परत जायचा. यंदा पंधरा दिवसांपूर्वी अच्चम्मा न्हाणीघरात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. सुहासिनी बघायला गेली तर डाव्या हातानं तिचा हात धरून अच्चम्मा म्हणाली, "सुहासिनी, इस बार डब्बा तू बनाएगा. मेरे नाम से, बारा घर में."

"अच्चम्मा, मला... मेरे को तो आता नहीं."

"आता कैसे नहीं? चौतीस साल खाया है. जीभ को सब याद रहता है. तू जीभ से बनाना."

आणि सुहासिनी "हो हो" म्हणून घरी आली. कारण त्या जिभेनं चौतीस वर्षांत ते बिस्कीट एकदाही चाखलं नव्हतं.

निंभोरकरांकडे महानुभाव पंथाचा उपदेश होता. सासूबाई रत्नमालाबाई असेपर्यंत या घरात अंड्याचं नावही घेत नसत, आंब्याला 'अंडाकृती' म्हटलं तरी त्या आंघोळ करून येत. पहिल्या नाताळला डबा आला तेव्हा सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "ख्रिश्चनाचं बिस्कीट. म्हणजे अंडं असनच." डबा व्हरांड्यातल्या स्टुलावर राहिला आणि संध्याकाळी मागच्या दारानं गिरजाबाईच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी अच्चम्मानं विचारलं, "कैसा था?" सुहासिनी तेव्हा अंगानं आणि मनानं बारीक होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "बहुत अच्छा हुआ है, अच्चम्मा." झालं. एकदा बोललं की दरवर्षी बोलावं लागतं. सासूबाई जाऊन चौदा वर्षं झाली, तरी डबा स्टुलावर आणि वाक्य कुंपणावर, तसंच चालू राहिलं.

आणि आता संध्याकाळी पाचला ते सगळं बाहेर येणार होतं. बिस्कीट चुकलं की अच्चम्माला कळणार होतं, आणि ते कळून ती गाडीत बसणार होती. पुन्हा भेट नाही, सांगायला सवड नाही. या वयात कोणती मैत्रीण परत मिळते? सुहासिनीला रडू येत होतं, पण मैदा चाळायचा होता.

---

मितालीच्या मते या घरात डोकं असलेली ती एकटीच होती, आणि एकोणीस वर्षांत तिचं हे मत बदलायला कोणी काही कारण दिलं नव्हतं. रायपूरच्या माहेरी ती अंडी खायची. इथं आल्यापासून तिनं सोडली होती, म्हणजे घरात सोडली होती.

"आई, मोबाइलवर जितक्या रेसिपी आहेत ना, सगळ्यांत अंडं आहे," तिनं काल रात्रीच्या जेवणात हळूच सांगितलं होतं. "त्यांच्यातही असणारच. अंड्याशिवाय तशी चव येणार नाही."

सुहासिनी बराच वेळ भात कालवत बसली होती. मग म्हणाली, "आपल्याले खायचं नाही. वाटाले करून राहिलो. अंगणात बसून फेटशीन? सैपाकघरात नाही."

"अंगणात फेटते."

"आन प्रेमलाताईले समजलं नाही पायजे."

म्हणून सहा अंडी मितालीच्या स्कूटरच्या डिकीत होती, सुपेल्याच्या बाजारातून आणलेली, कागदात गुंडाळून. योजना पक्की होती. दीनानाथरावांच्या धाकट्या बहिणीनं, प्रेमलानं, दुपारच्या जेवणाला यायचं होतं. अंडी त्याआधी फेटून, भाजून, टरफलं गल्लीच्या टोकाच्या कचरापेटीत पोचणार होती.

पण दुसरा घाणा लागला तेव्हा (हा जळला नाही, फक्त ताटाला असा चिकटला की दीनानाथरावांनी 'पुशिंगला त्रास', म्हणजे माल बाहेर ढकलायला त्रास, असं लिहून ठेवलं) बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मितालीची मुलगी स्वानंदी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, दारातून ओरडली, "मम्मी, देखो कौन आया! आत्याआजी लवकरची बस पकडून आली, मी सुपेल्याहून घेऊन आले."

"कशावर?"

"तुझ्या स्कूटरवर. माझी पंक्चर है ना."

मितालीच्या पायाखालची फरशी सरकली. "तिची बॅग कुठं ठेवली?"

"डिक्की में. जात नव्हती, मग दाबून बसवली."

प्रेमला निंभोरकर, आता प्रेमला आखरे, सासष्ट वर्षांच्या, नंदिनीच्या खदानीतल्या कॉलनीत नवऱ्यामागं एकट्या राहणाऱ्या, दारात उभ्या होत्या. आईची धार्मिक गादी त्यांनी आपल्याकडंच आली असं धरून चालवली होती. त्यांच्या एका हातात कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेली, त्यांची पांढरी शाल. शालीच्या टोकावरून पिवळं काहीतरी निथळत होतं.

"दंडवत प्रणाम," सुहासिनी घाईनं म्हणाली.

"वहिनी, हे काय होय?"

"हळद," दीनानाथराव म्हणाले.

"दादा, हळद अशी तार धरत नाही."

थेंब टपकन पायपुसण्यावर पडला. प्रेमलाबाईंनी शाल नाकाजवळ नेली, आणि आयुष्यात कधी अंडं न पाहिलेल्या बाईनं ओळखावं त्यापेक्षा जरा लवकरच ओळखलं.

"अवो माय! आईच्या घरात अंडं!"

---

पुढचा पाऊण तास प्रेमलाबाईंचा होता. त्यांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं पाहून आधी डोळे पुसले. मग आईचं पितळी गंगाळ आपण नंदिनीला नेलं ते बरंच झालं, नाही तर आज त्यात कोंबडी शिजली असती, असं सांगितलं. गंगाळाचा विषय निघाल्याबरोबर सुहासिनी उसळली, कारण दोन वर्षं त्याच गंगाळावरून दोघी एकमेकींशी फोनवर फक्त हवामान बोलत होत्या.

"गंगाळ तुमी मले न विचारता नेलं, प्रेमलाताई. ते राहू द्या. मी काही हौसेनं अंडं आणलं नाही."

"मंग कावून आणलं? ह्यानं आणलं का?"

"म्या नाही," दीनानाथराव ताबडतोब म्हणाले. "म्या फक्त ओव्हनवर हाव."

मितालीनं सासऱ्यांकडं असं पाहिलं की त्यांनी रजिस्टर उघडलं. सकाळपर्यंत तो माणूस 'घाला अंडं, काय होते' म्हणत होता.

"मी आणली आत्याबाई," मिताली म्हणाली. "आईंना अच्चम्मांसाठी करायची आहेत बिस्किटं. त्यांच्यासारखीच व्हायला पाहिजेत. आज त्या चाखणार आहेत."

आता प्रेमलाबाई खाली बसल्या. अच्चम्मा जाते आहे हे त्यांना माहीत होतं, निरोप घ्यायलाच तर आल्या होत्या. सुहासिनीनं सगळं सांगितलं, 'जीभ को याद रहता है' इथपर्यंत. ते ऐकून प्रेमलाबाईंचा राग विरघळला. पण मत विरघळलं नाही.

"तरी अंडं कशाले, वहिनी? त्या बिस्किटात अंडं असतच नाही. अंड्याचं कसं फुगून येते, स्पंजासारखं. ते तं कसं, जिभेवर ठेवलं का भुरभुर होऊन..."

आणि थांबल्या.

सगळं घर थांबलं. गिरजाबाईचा अंगणातला ब्रशही थांबला.

"तुमाले कसं माहीत, प्रेमलाताई?" सुहासिनीनं अगदी हळू विचारलं.

प्रेमलाबाईंच्या मनात त्या क्षणी काय काय गेलं ते त्याच जाणोत. नाताळच्या सुट्टीत माहेरी यायचं, आई दुपारी लवंडली की व्हरांड्यातल्या स्टुलाजवळून उगीच जायचं, झाकण नखानं उचलायचं. एकच. कधी दोन. पाप लागेल म्हणून घाईत चावायचं, म्हणून चव कधी पुरती कळलीच नाही. इतकी वर्षं त्यांनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

"भुरभुर नाही होत ते," दीनानाथराव रजिस्टरमधून मान वर न करता बोलले. "आधी कट्टकन तुटते. मंग भुरभुर."

"अहो!"

"काय अहो? दुसऱ्या पाळीले जाताना डबा वाटेतच असे. सायकलवर बसल्या बसल्या एक तोंडात टाकलं का गेटपर्यंत पुरे. आईनं कधी मोजले थोडीच!"

"आणि शेवटी घशात तिखट लागतं," मिताली म्हणाली. म्हणून गेल्यावर जीभ चावली.

"हाँ ना, मिर्ची वाला!" स्वानंदी उत्साहानं म्हणाली. "आजी, टेन्शन क्यों ले रही हो? सबने खाया है. मी दरवर्षी दोन खाते, बाबांनीच तर दाखवलं होतं मला, झाकण कुठून उघडायचं."

म्हणजे पहिल्या पाळीला गेलेला मुलगा समीरही चोरच निघाला. सुहासिनी उभीच होती. हातांना मैदा, केसांना मैदा. तिनं एकेकाकडं पाहिलं. नणंद, नवरा, सून, नात.

"म्हंजे या घरात धर्म मी एकलीच पाळत होती?"

दीनानाथरावांनी रजिस्टर मिटलं.

"चौतीस वर्षं! वास येई मले. व्हरांड्यात बसून तांदूळ निवडत जाऊ, आन तो वास येई. एकदा हात लावला नाही. आन तुमी सारे... सायकलवर!" तिला रडू आणि हसू एकदमच आलं, आणि त्यातलं कोणतं आधी काढावं हे तिला कळेना, म्हणून ती खुर्चीवर बसून पदरानं नुसतं तोंड पुसत राहिली.

"वहिनी," प्रेमलाबाई म्हणाल्या, "गंगाळ मी परत पाठवतो."

"गंगाळाले काय करू मी आता?"

पण एक झालं. गुन्हेगार सापडले म्हणजे साक्षीदारही सापडले. दहा मिनिटांत सगळे ओट्याभोवती गोळा झाले आणि आपापल्या चोरीच्या आठवणीनं मसाला सांगू लागले. प्रेमलाबाई म्हणत होत्या वेलची. दीनानाथराव सुंठेवर अडले. मिताली काळ्या मिरीवर. भाऊ-बहीण लहानपणासारखे एकमेकांच्या अंगावर धावून गेले. "तुले वेलचीशिवाय दुसरं ठाऊक काय हाय?" "तुझी जीभ कोळशानं मेली, दादा!" शेवटी तिन्ही घातले. तिसऱ्या घाण्याचं बिस्कीट सर्दीच्या काढ्यासारखं लागलं. चावलं तर वाकलं, तुटलं नाही.

रजिस्टरमध्ये नोंद झाली : 'कारण : प्रेमला.'

साडेबारा वाजले होते. सुहासिनीनं ते बिस्कीट वाकवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "जमत नाही तं नाही. बेकरीतून आणून वाटू सडकेवर. अच्चम्माले मी... पाहीन."

तेवढ्यात अंगणातून खुदकन आवाज आला. मग मोठ्यानं. गिरजाबाई गुडघ्यावर हात ठेवून हसत होती, डोळ्यांतून पाणी काढत.

"का हाँसथस ओ, गिरजाबाई?" सुहासिनी मोरीच्या दारात येऊन तिच्याच छत्तीसगढीत म्हणाली.

"हाँसौं नहीं त का करौं बाई? बिहनिया ले देखत हौं. अंडा बिसा के लानिन, अंडा बर झगरा होगे!" तिनं हात धुतले. "अंडा त ओमा कभूच नइ परय."

"कभू नहीं?"

"अच्चम्मा बाई मन पच्चीस दिन के उपास रहिथें. बड़े दिन के आवत ले मांस नहीं, मछरी नहीं, अंडा नहीं. बनावत बनावत चाखे ला घलो परथे न? त अंडा कइसे डारही?"

प्रेमलाबाई दारातच भिंतीला टेकल्या. म्हणजे पाप लागलंच नव्हतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडी फसगतही वाटली. दोनच का खाल्ली?

"पंचवीस दिवसांचा उपास," सुहासिनी स्वतःशीच म्हणाली. कुंपणाच्या पलीकडं. चौतीस वर्षं. आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही, 'तुमच्याकडं काय पाळतात?' "तेरे को कैसे मालूम, गिरजाबाई?"

"मालूम?" गिरजाबाईला आता खरंच नवल वाटलं. "बारा बछर होगे, ओकर हाथ नइ चलय. पिसान मैंहीच सानथौं. मैंहीच बनाथौं, मैंहीच डब्बा तोर घर लानथौं, संझा मैंहीच अपन घर लेगथौं. डब्बा गरू रहिथे बाई. दू-दू घाँव बोहे ला परथे."

बारा वर्षं पीठही तिचंच आणि डब्याची हमालीही तिचीच, हे ऐकून दीनानाथराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. स्वानंदी जमिनीवरच बसली. सुहासिनी मात्र हसली नाही.

"तूने कभी बताई क्यों नहीं?"

"मोला कोनो पूछिस का?"

सुहासिनीनं खुंटीवरचा स्वच्छ टॉवेल काढून तिच्या हातात दिला आणि बाजूला झाली. गिरजाबाई, जी या घराच्या ओट्यापाशी कधी उभी राहिली नव्हती, हात पुसत आत आली. प्रेमलाबाईंनी एकदा फोटोकडं पाहिलं. मग स्वतःच तूप पुढं सरकवलं.

"चाउँर पिसान हावय का?" गिरजाबाईनं विचारलं. तांदळाचं पीठ. मैद्यात तिसरा हिस्सा तांदळाचं पीठ, कट्टकन तुटायला. हे कोणाच्याच जिभेला सापडलं नव्हतं. सुंठ होती, मिरी होती, वेलचीही होती, पण चिमूटभर, भांडण न करण्याइतकी. तिनं पीठ मळलं नाही, बोटांच्या टोकांनी नुसतं जवळ आणलं. सुहासिनी शेजारी उभी राहून बघत होती, मग करत होती. तिनं जोर लावला तशी गिरजाबाईनं तिच्या मनगटावर चापट मारली. "अतेक जोर झन लगा. रोटी नोहय." आणि ओव्हनचं झाकण पाच मिनिटांनी उचलून पाहिलं.

"उघडू नोको!" दीनानाथराव ओरडले.

"तैं चुप बइठ साहब," गिरजाबाई म्हणाली, आणि साहेब बसले.

'घाणा क्रमांक चार,' त्यांनी लिहिलं. 'पास. ऑपरेटर : गिरजाबाई.'

तीन वाजेपर्यंत अकरा घाणे निघाले. सगळ्यांनी गरम गरम खाल्ली, उघडपणे, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. सुहासिनीनं नाही. "आधी तिला," ती म्हणाली, आणि ओव्हनबरोबर शेजारून आणलेला निळा डबा पुसायला घेतला.

---

अच्चम्माच्या बैठकीत खोकीच खोकी होती. भिंतीवर जिथं फोटो होते तिथं उजळ चौकोन राहिले होते. पाच वाजायला पाच मिनिटं कमी होती. अच्चम्मा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती, पांढऱ्या साडीत, केस विंचरलेले, परीक्षा घेणाऱ्या बाईसारखी.

सुहासिनीनं डबा उघडला. अच्चम्मानं डाव्या हातानं एक उचललं, उजेडाला धरलं, वास घेतला, चावलं. कट्ट.

"करेक्ट," अच्चम्मा म्हणाली. डोळे मिटले. "एकदम करेक्ट. देखा? मैं बोला था न? जीभ नहीं भूलता."

बस. झालं. सुटलो. सुहासिनीनं समोरचा चहाचा कप उचलला. आता फक्त चहा प्यायचा होता, डोळे पुसायचे होते आणि सत्तावीसला स्टेशनवर जायचं होतं. खोटं सुखरूप पार पडलं होतं, कोणाला कधी कळणार नव्हतं. गिरजाबाईच्या तोंडाचं कुलूप तर चौतीस वर्षांचं होतं.

"वो ओव्हन तू रख ले," अच्चम्मा म्हणाली. "वापस मत ला. आटा तो इतना साल गिरजा सानता है, पर स्वाद के लिए मेरे को तेरा जीभ पे भरोसा है. बहू बोलता है, अम्मा, बेकरी में सब मिलता है, ये पुराना डब्बा ट्रेन में कौन उठाएगा. मैं बेटे को बोला, ठीक है. भिलाई में एक घर है, उधर मेरा बिस्कुट को कदर है. बाकी सब अच्छा अच्छा बोलता है, मैं जानता है, ऐसे ही बोलता है. सुहासिनी सच बोलता है. गिरजा बताता था मेरे को, हर साल. सब खा गया, डब्बा पोंछ के खा गया. इसलिए मैं तेरा डब्बा में सबसे ज्यादा डालता था."

सुहासिनीनं चहाचा कप खाली ठेवला. बशी वाजली.

"अच्चम्मा," ती म्हणाली, "मैंने कभी नहीं खाया."

"क्या?"

"एक भी साल नहीं. हमको लगा, अंडा होगा. सासूबाई थी तब से. शाम को गिरजाबाई को दे देती थी. और दूसरे दिन तुमको बोलती थी, बहुत अच्छा हुआ है." ती थांबली. आता सुरू केलंच होतं. "ये भी मैंने नहीं बनाया. गिरजाबाई ने सिखाया आज. मुझे माफ कर दो. ओव्हन मैं कैसे लूँ?"

अच्चम्मानं हातातलं अर्धं बिस्कीट बशीत ठेवलं.

"चौतीस साल?"

"चौतीस."

"गिरजा!" अच्चम्मा अशी ओरडली की सुहासिनी दचकली. मागच्या दारातून गिरजाबाई आली, म्हणजे ती तिथंच होती. "तू बोलता था, सब खा गया!"

"त खाबे करिन न बाई," गिरजाबाई शांतपणे म्हणाली. "मोर लइका मन खाइन. पाँच झन ला पोसे हौं. डब्बा पोंछ के खाइन, लबारी थोरे कहेंव."

म्हणजे डबा पुसून खाणारी ती गिरजाबाईची पाच पोरं. अच्चम्माच्या खांद्यांना गदगदून काहीतरी झालं. सुहासिनीला वाटलं रडते आहे, ती धावली. पण अच्चम्मा हसत होती, प्लास्टरचा हात सांभाळत, "अय्यो, अय्यो" करत. मग सुहासिनी जवळ आल्यावर रडलीही. दोघी रडल्या. गिरजाबाई उभ्या उभ्या चहाचे कप उचलून घेऊन गेली, ती काही रडणाऱ्यातली नव्हती.

"अंडा!" अच्चम्मा डोळे पुसत म्हणाली. "मेरा नोम्ब में, उपास में, अंडा! एक बार पूछता तो."

"तुम भी तो कभी देखती, मैं खाती हूँ कि नहीं."

"मैं तेरा घर आता तो तू चाय पिलाता था. बिस्कुट कभी सामने नहीं रखता था. मैं समझता था, छुपा के रखता है, इतना पसंद है."

मग तिनं डब्यात हात घातला, एक बिस्कीट काढलं आणि सुहासिनीपुढं धरलं.

"अब खा. मेरे सामने."

सुहासिनीनं ते घेतलं. ते आधी कट्टकन तुटलं, मग भुरभुर झालं, दोघं बहीण-भाऊ खरंच बोलत होते. तूप आलं, वेलची आली, सुंठ. अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, घशात मिरी लागली. तांदूळ निवडताना व्हरांड्यात यायचा तोच वास आता तोंडात होता. किती वर्षं हे नुसतं स्टुलावर राहिलं. आणि तीन दिवसांनी ही जाणार. तिनं उरलेला तुकडा तोंडात टाकला, तळहातावरची भुकटीसुद्धा चाटून घेतली, आणि कुंपणापाशी दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, कारण दुसरं काही खरं नव्हतं.

"बहुत अच्छा हुआ है, अच्चम्मा."

"झूठी," अच्चम्मा म्हणाली, आणि दुसरं बिस्कीट पुढं केलं.